नानँगो व बरांबा : क्वीन्सलंडमधील एका ग्रामीण मतदारसंघाचा निर्वाचन-इतिहास

क्वीन्सलंड राज्याच्या विसाव्या शतकातील राजकारणाविषयी जे लेखन झाले आहे, त्यात किंगारॉय या लहानशा गावाचा उल्लेख वारंवार येतो. त्याचे कारण म्हणजे सर जोहानेस ब्येल्के-पीटरसन. १९४७ पासून १९८७ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, या गावाच्या आसपासच्या मतदारांनी त्यांनाच विधानसभेवर पाठविले; आणि त्यांपैकी एकोणीस वर्षे ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यामुळे हा मतदारसंघ म्हणजे सुरक्षित ग्रामीण जागेचा आदर्श नमुना होय, तेथील मतदार पक्षनिष्ठ आणि परंपराप्रिय असून ही निष्ठा विषम मतमूल्याच्या कायद्याने पोसली गेली होती, असे एक मत रूढ झाले आहे. या मताला आधार नाही असे नाही. परंतु मतदारसंघाचा इतिहास १९४७ ऐवजी १९१२ पासून आणि १९८७ ऐवजी आजपर्यंत वाचला, तर ते मत टिकत नाही. ज्या मतदारांनी चाळीस वर्षे एकाच पक्षाच्या उमेदवारास निवडून दिले, त्यांनीच पुढील एकवीस वर्षांत त्याच पक्षाच्या अधिकृत उमेदवारास सहा वेळा नाकारले. त्यांपैकी दोन वेळा तो उमेदवार खुद्द ब्येल्के-पीटरसन यांचा पुत्र होता. या दोन कालखंडांतील मतदार वेगळे होते असे मानण्यापेक्षा, पहिल्या कालखंडाचा अर्थ लावण्यात काही चूक झाली असावी असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

प्रथम भूमीचा विचार करू. ब्रिस्बेनच्या वायव्येस सुमारे दोनशे किलोमीटरांवर बर्नेट नदीच्या उपनद्यांचा प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण भागास साउथ बर्नेट म्हणतात. किंगारॉय, नानँगो, वाँडाय, मर्गन ही तेथील मुख्य गावे. येथील माती लाल, ज्वालामुखीजन्य आणि सुपीक आहे. एकोणिसाव्या शतकात हा सारा प्रदेश मोठमोठ्या मेंढपाळी जमीनधारकांच्या हाती होता. पुढे त्या जमिनींचे तुकडे पाडून लहान शेतकऱ्यांना देण्यात आले. १९०४ साली किंगारॉयपर्यंत लोहमार्ग आला आणि वसाहतीने वेग घेतला. आलेल्या कुटुंबांत इंग्रज व आयरिश होतेच, पण जर्मन व डॅनिश ल्यूथरनांचे प्रमाणही लक्षात येण्याजोगे होते. झाडी तोडून मका, दुभती जनावरे आणि पुढे भुईमूग, असा या शेतीचा क्रम आहे. भुईमुगाने किंगारॉयला जी ओळख दिली ती आजही गावातील प्रचंड कोठारांच्या रूपाने उभी आहे.

या भुईमुगाचा राजकारणाशी निकटचा संबंध आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक आहे. शेतमालाच्या भावाची अनिश्चितता टाळण्यासाठी उत्पादकांनी आपला सर्व माल एका मंडळामार्फतच विकावा, अशी व्यवस्था क्वीन्सलंडमध्ये कायद्याने करण्यात आली. १९२२ चा तद्विषयक कायदा थिओडोर यांच्या मजूर मंत्रिमंडळाने केला आणि त्याच्या आधारे १९२४ साली भुईमूग विक्री मंडळ स्थापन झाले. म्हणजे शेतकऱ्यांच्या सामुदायिक विक्रीची यंत्रणा मजूर पक्षाने निर्माण केली. मात्र ती चालविणारे शेतकरी मते देत होते मजूर पक्षाच्या विरोधकांना. या मंडळाच्या अध्यक्षपदावरून किंगारॉयचे चार्ल्स अ‍ॅडरमन हे कंट्री पक्षातर्फे संघीय संसदेत गेले. सरकारी कायद्याचे संरक्षण हवे, परंतु सरकारचा हात नको, ही मनोवृत्ती वरवर विसंगत वाटते. उत्पादकांच्या दृष्टीने मात्र तीत विसंगती नव्हती. मंडळ त्यांचे होते, त्यावर त्यांचीच माणसे निवडून येत. सरकार ब्रिस्बेनचे होते. "आपले" आणि "ब्रिस्बेनचे" हा भेद पुढील सर्व निवडणुकांत या ना त्या रूपाने आढळतो.

नानँगो मतदारसंघ १९१२ साली अस्तित्वात आला. त्याचे पहिले प्रतिनिधी रॉबर्ट हॉज हे १९२० पर्यंत होते. त्यानंतर जेम्स एडवर्ड्‌स हे १९२० पासून १९४७ पर्यंत सलग सत्तावीस वर्षे निवडून आले. ही संख्या सहसा दुर्लक्षिली जाते. ब्येल्के-पीटरसन यांच्या दीर्घ कारकिर्दीमुळे झाकोळलेल्या या सदस्याने अडीच तपांच्या जवळपास जाणारा काळ प्रतिनिधित्व केले, आणि तेही बहुतेक सर्व काळ विरोधी बाकांवरून. कारण १९१५ पासून १९५७ पर्यंत, १९२९ ते १९३२ ही तीन वर्षे सोडता, राज्यात मजूर पक्षाचीच सत्ता होती. सत्तेतून मिळणारे कोणतेही लाभ पदरी न टाकता जो प्रतिनिधी सत्तावीस वर्षे टिकतो, त्याच्या मतदारांची निष्ठा अनुग्रहातून उत्पन्न झालेली नसते. एवढेच नव्हे, तर मतदानाची पद्धत मध्यंतरी बदलूनही या निष्ठेत फरक पडला नाही. १८९२ पासून क्वीन्सलंडमध्ये पर्यायी मताची पद्धत होती. पहिल्या मोजणीत कोणासही निर्विवाद बहुमत न मिळाल्यास पहिले दोन उमेदवार ठेवून बाकीच्यांची मते त्यांच्यात वाटली जात. १९४२ साली मजूर सरकारने ती रद्द करून आपल्याकडे परिचित असलेली, सर्वाधिक मतांनी विजयी होण्याची पद्धत आणली. मजूरविरोधी पक्ष अनेक व मजूर पक्ष एक, अशा परिस्थितीत हा बदल कोणाच्या सोयीचा होता हे सांगावयास नको. नानँगोत त्याचा परिणाम झाला नाही. मतदान सक्तीचे करण्याचा १९१५ चा कायदा तर सर्वांना ठाऊक आहे. ब्रिटिश साम्राज्यातील तसा तो पहिला कायदा होता, आणि त्यामुळे येथील आकड्यांत उदासीन मतदारांचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. संशोधकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय.

१९४७ साली कंट्री पक्षाची उमेदवारी ब्येल्के-पीटरसन यांना मिळाली. त्यांचा जन्म १९११ साली न्यूझीलंडमधील डॅनेव्हर्क येथे एका डॅनिश ल्यूथरन धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९१३ साली हे कुटुंब किंगारॉयजवळ येऊन स्थायिक झाले. अल्प शालेय शिक्षणानंतर त्यांनी भुईमुगाची शेती केली, जंगलतोडीची कंत्राटे घेतली, विमानातून बी पेरण्याचा उद्योगही केला. १९४६ साली ते किंगारॉयच्या स्थानिक परिषदेवर निवडून आले आणि दुसऱ्याच वर्षी विधानसभेत गेले. त्या वेळी त्यांच्याविषयी असामान्य असे काही नव्हते. ते शेजारच्या शेतकऱ्यांसारखेच एक शेतकरी होते, आणि हीच त्यांची पात्रता होती.

यानंतर दोनच वर्षांनी १९४९ चा मतदारसंघविषयक कायदा आला. क्वीन्सलंडच्या निर्वाचन-इतिहासातील हा कळीचा टप्पा असून त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. हॅन्लन यांच्या मजूर मंत्रिमंडळाने विधानसभेच्या जागा ६२ वरून ७५ केल्या व राज्याचे चार विभाग पाडले : राजधानी विभागास २४, आग्नेय विभागास २८, उत्तर विभागास १३ आणि पश्चिम विभागास १० जागा. प्रत्येक विभागाचे मतदारप्रमाण वेगळे ठरविले. विरळ वस्तीच्या पश्चिमेत सर्वांत कमी मतदारांमागे एक प्रतिनिधी मिळाला, त्याखालोखाल उत्तरेत. राजधानी व आग्नेय या दोन विभागांत मात्र प्रमाण जवळजवळ सारखेच होते. पश्चिमेतील लोकर कातरणारे आणि उत्तरेतील ऊस व खाण कामगार हे मजूर पक्षाचे बलस्थान होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या रचनेचा हेतू स्पष्ट होतो. १९५० च्या निवडणुकीत सुमारे ४७ टक्के मतांवर मजूर पक्षास ७५ पैकी ४२ जागा मिळाल्या. या विधेयकावरील चर्चेत तरुण ब्येल्के-पीटरसन यांनी विरोधी बाजूने भाग घेतला होता आणि अल्पमताने बहुमतावर राज्य करण्याची ही योजना आहे, अशा आशयाची टीका केली होती. पुढे काय झाले हे माहीत असलेल्या वाचकास या भाषणाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. पण त्या क्षणी ती टीका प्रामाणिक होती आणि त्यांच्या मतदारांच्या हिताचीही होती. नानँगो मतदारसंघ याच फेररचनेत रद्द होऊन त्याची जागा बरांबा या नव्या मतदारसंघाने घेतली आणि तो आग्नेय विभागात होता. म्हणजे १९५० साली बरांब्याच्या शेतकऱ्याचे मत जवळपास ब्रिस्बेनच्या कारकुनाच्या मताइतकेच वजनाचे होते व पश्चिमेतील मेंढपाळाच्या मतापेक्षा कितीतरी हलके. विषम मतमूल्याने बरांबा घडविला, हे म्हणणे निदान आरंभकाळापुरते तरी उलटे आहे.

१९५७ साली मजूर पक्षात फूट पडली. मुख्यमंत्री गेअर यांना पक्षाने काढून टाकले, त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि झालेल्या निवडणुकीत निकलिन यांच्या नेतृत्वाखाली कंट्री व लिबरल पक्षांचे संयुक्त सरकार आले. बरांब्यातून सत्तावीस अधिक दहा, एकूण सदतीस वर्षे (नानँगोचा काळ धरून) विरोधी पक्षास गेलेले मत आता प्रथमच दीर्घकाळ सत्तेच्या बाजूस आले. नव्या सरकारने विभागपद्धती रद्द केली नाही. तिचे रूप बदलले. १९५८ साली ७८ जागा व तीन विभाग ठरले : राजधानीस २८, प्रांतिक शहरांना १२ आणि ग्रामीण भागास ३८. बरांब्याच्या मताला अधिक वजन प्राप्त झाले ते येथपासून. १९६२ साली पसंतिक्रमाची पद्धत आली. तिच्यामुळे कंट्री व लिबरल हे दोन मित्रपक्ष एकमेकांविरुद्ध उभे राहूनही मते वाया न घालविता लढू शकले. १९६८ साली मुख्यमंत्री पिझी यांचे अकस्मात निधन झाले, आणि ऑगस्टमध्ये ब्येल्के-पीटरसन मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारने १९७१ साली ८२ जागा व पुन्हा चार विभाग, आणि १९८५ साली ८९ जागा, अशा दोन फेररचना केल्या.

या फेररचनांना उपहासाने "ब्येल्केमँडर" म्हणतात. मॅसॅच्युसेट्‌सचे राज्यपाल गेरी यांच्या १८१२ मधील सीमारेषांवरून जो शब्द इंग्रजीत रूढ झाला, त्याचा हा क्वीन्सलंडी अवतार. शास्त्रीय दृष्ट्या तो तितकासा बरोबर नाही. सीमारेषा वाकड्यातिकड्या आखून विरोधकांची मते विखुरणे ही एक गोष्ट; निरनिराळ्या विभागांत एका जागेमागील मतदारसंख्याच असमान ठेवणे ही दुसरी. क्वीन्सलंडमध्ये मुख्यतः दुसरी होती. परिणाम किती मोठा होता? १९७२ साली मजूर पक्षास ४६.७ टक्के मते व ८२ पैकी ३३ जागा मिळाल्या. कंट्री पक्षास २० टक्के मते आणि २६ जागा. लिबरल पक्षास २२.२ टक्के मते व २१ जागा. १९८६ साली नॅशनल पक्षास (कंट्री पक्षाने १९७४ साली हे नाव घेतले) ३९.६ टक्के मतांवर ८९ पैकी ४९ जागा मिळाल्या, तर मजूर पक्षास ४१.३ टक्के मतांवर केवळ ३०. हे आकडे पाहून कोणाचाही न्यायभाव दुखावेल. तथापि ते जसेच्या तसे पुराव्यास घेणे धोक्याचे आहे. कंट्री पक्ष सर्व जागा लढवीत नसे, त्यामुळे त्याचे राज्यव्यापी प्रमाण कृत्रिमरीत्या कमी दिसते. तसेच मजूर पक्षाच्या विरोधकांची मते पसंतिक्रमाने अखेरीस एकत्र येत. १९७२ आणि १९८६ या दोन्ही वर्षी मजूरविरोधी मते मिळून निम्म्याहून अधिक होती. विभागपद्धतीचा खरा फटका, आमच्या मते, मजूर पक्षाइतकाच लिबरल पक्षास बसला : सत्ता उजव्या बाजूकडे जावयाचीच असेल तर ती शहरी लिबरलांकडे न जाता ग्रामीण नॅशनलांकडे जावी, अशी सोय तिने केली. १९८३ साली आघाडी मोडल्यावर नॅशनल पक्षास ८२ पैकी ४१ जागा मिळाल्या आणि दोन लिबरल सदस्य येऊन मिळाल्यावर त्याने एकट्याने राज्य केले. त्याचे मर्म येथे आहे.

मात्र हा सर्व हिशेब राज्याचा झाला. बरांब्यापुरता प्रश्न वेगळा आहे. मतदारसंघात मतदार आठ हजार असोत वा सोळा हजार, त्यांच्यातील बहुसंख्य एकाच बाजूचे असतील तर निकाल बदलत नाही. विभागपद्धतीने बरांब्याच्या प्रतिनिधीस मुख्यमंत्रिपदावर टिकविले असेल. बरांब्यात त्यांना निवडून आणले नाही. तेथे त्यांना तिची गरजच नव्हती. १९७४ साली विरोधी मजूर पक्षाची संख्या अकरावर आली तेव्हा वृत्तपत्रांनी त्यास "क्रिकेटचा संघ" म्हटले. त्या निवडणुकीतील मुख्य विषय कॅनबेरा येथील व्हिटलम सरकार हा होता. आता ब्रिस्बेनच्या जागी कॅनबेरा आले होते. दूरच्या सत्तेशी आपला माणूस भांडतो आहे, हे दृश्य मतदारांपुढे कायम राहिले, आणि तो स्वतः ब्रिस्बेनच्या सर्वोच्च आसनावर बसला असताही राहिले. सत्तेत असूनही विरोधकाची भाषा बोलण्याचे जे कौशल्य ब्येल्के-पीटरसन यांनी दाखविले, त्याचे शिक्षण त्यांना नानँगोच्या राजकारणात मिळाले होते असे म्हणावयास हरकत नाही.

"मतदार" या शब्दात कोण येत होते, हा प्रश्न आतापर्यंत बाजूस ठेवला होता. तो आता घेणे प्राप्त आहे. बरांबा हे नाव मतदारसंघास मिळण्यापूर्वी, मर्गनजवळच्या आदिवासी वसाहतीचे होते. १८९७ च्या "संरक्षण" कायद्याखाली क्वीन्सलंडच्या निरनिराळ्या भागांतून आदिवासी कुटुंबे उचलून तेथे आणली जात. १९०५ साली वसाहत सरकारच्या ताब्यात आली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिचे नाव शेरबर्ग झाले. तेथील लोकांना कामास, प्रवासास, विवाहासही अधिकाऱ्यांची अनुमती लागे. मताचा अधिकार त्यांना नव्हता. १८८५ च्या निर्वाचन कायद्यात ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी, आणि त्याच वाक्यात हिंदुस्थान, चीन व दक्षिण समुद्रातील बेटे येथील मूलनिवासी, यांना जमिनीची मालकी असल्याखेरीज मतदारयादीत स्थान नाही असे म्हटले होते. १९०५ च्या दुरुस्तीने मालकीची अटच गेली आणि बंदी पूर्ण झाली. हिंदी वाचकास हे कलम विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हिंदी लोकांवरील बंदी पुढे आधी उठली. आदिवासींना क्वीन्सलंडमध्ये मताधिकार मिळाला तो १९६५ साली, सर्व राज्यांत शेवटी. आणि नावनोंदणीची सक्ती इतरांप्रमाणे त्यांना लागू झाली १९७१ साली.

एडी गिल्बर्ट हा वेगवान गोलंदाज याच वसाहतीतला. नोव्हेंबर १९३१ मध्ये ब्रिस्बेन येथे त्याने डॉन ब्रॅडमन यांना शून्यावर बाद केले, हे क्रिकेटच्या वाचकांना ठाऊक असते. सामन्यास जाण्यासाठी त्यास सरकारी संरक्षकाची परवानगी लागत असे, हे त्या मानाने कमी ठाऊक असते. राज्याच्या संघात त्याला जागा होती, मतदारयादीत नव्हती. बरांब्याच्या प्रतिनिधींची जी मताधिक्ये आपण मोजतो त्यांतील पहिल्या अनेक दशकांची आकडेवारी ही अशी आहे. खोऱ्यातील एक समाज तीत मोजलेलाच नाही. "येथील जनतेने अमुक निवडले" हे वाक्य १९६५ पूर्वीच्या काळासाठी लिहिताना अभ्यासकाने अडखळावे, अशी अपेक्षा आहे.

१९८७ हे वर्ष मोठ्या पडझडीचे ठरले. संघीय पंतप्रधानपदाकडे झेप घेण्याची ब्येल्के-पीटरसन यांची मोहीम फसली. पोलिसांतील भ्रष्टाचाराविषयीची फिट्‌झजेरल्ड चौकशी सुरू झाली. नोव्हेंबरात पक्षाने त्यांना नेतेपदावरून दूर केले, आणि १ डिसेंबर रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपद व विधानसभेचे सदस्यत्व दोन्ही सोडली. त्यामुळे झालेली एप्रिल १९८८ ची पोटनिवडणूक या मतदारसंघाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद निवडणूक होय. नॅशनल पक्षाने वॉरन ट्रस यांस उभे केले. ते तेथल्याच प्रदेशातील शेतकरी, स्थानिक शासनाचा अनुभव असलेले, आणि पुढे (२०१३ ते २०१६) ऑस्ट्रेलियाचे उपपंतप्रधान झालेले गृहस्थ. उमेदवारात उणीव होती असे म्हणता येणार नाही. तरीही ते पराभूत झाले. विजयी झाले ट्रेव्हर पेरेट. त्यांचा पक्ष, सिटिझन्स इलेक्टोरल कौन्सिल, किंगारॉयच्या परिसरात नुकताच जन्मला होता, आणि मतदारांनी स्वतः सार्वमत मागवून कायदे करावे वा मोडावे ही त्याची मुख्य मागणी होती. (हाच पक्ष पुढे अमेरिकेतील लारूश यांच्या अनुयायांच्या हाती जाऊन अगदी निराळा झाला, तो भाग येथे प्रस्तुत नाही.) जुन्या नेत्यास पदच्युत करणारा पक्ष आता मतदारांच्या दृष्टीने "ब्रिस्बेनचा" झाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस पेरेट नॅशनल पक्षात गेले व पुढील तीन निवडणुका त्यांनी त्या पक्षातर्फे जिंकल्या. त्यामुळे १९८८ चा निकाल म्हणजे क्षणिक राग, असे समजून अनेकांनी तो सोडून दिला.

दरम्यान निर्वाचनाची चौकटच बदलली. १९८९ साली फिट्‌झजेरल्ड यांचा अहवाल आला, आणि डिसेंबरात, जुनीच विभागपद्धती असतानाही, गॉस यांच्या मजूर पक्षाने ८९ पैकी ५४ जागा जिंकल्या. (ज्या पद्धतीत विरोधकांना जिंकणे अशक्य असल्याचे सांगितले जात होते तीतच ते जिंकले, ५० टक्क्यांहून अधिक मते मिळाल्यावर कोणतीही भिंत पुरी पडत नाही.) अहवालातील शिफारशीनुसार नेमलेल्या आयोगाच्या सूचनेवरून विभाग रद्द झाले. एक लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या अशा मोजक्या मतदारसंघांना सवलत ठेवून बाकी सर्वत्र मतमूल्य समान करण्यात आले, पसंतिक्रम ऐच्छिक झाला, आणि १९९२ ची निवडणूक या नव्या नियमांनी झाली. बरांबा सवलतीच्या मर्यादेच्या जवळपासही नव्हता. त्याचे वाढीव वजन गेले. नॅशनल पक्षाची पकड मात्र १९९२ आणि १९९५ साली कायम राहिली. वजन आणि पकड यांचा कार्यकारणसंबंध लावणाऱ्यांनी ही दोन वर्षे विचारात घ्यावयास हवीत.

पकड सुटली ती १९९८ साली. १९९६ मधील पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर पंतप्रधान हॉवर्ड यांनी शस्त्रास्त्रांवर आणलेले निर्बंध, त्याच वर्षीचा आदिवासींच्या भूमिहक्काविषयीचा विक निकाल, मालाच्या बाजारातील संरक्षक मंडळे व नियंत्रणे एकामागून एक काढण्याचे धोरण, या सर्वांचा रोष पॉलीन हॅन्सन यांच्या १९९७ साली स्थापन झालेल्या वन नेशन पक्षाने एकवटला. जून १९९८ मध्ये त्यास राज्यात २२.७ टक्के मते मिळाली. नॅशनल (१५.२) व लिबरल (१६.१) या प्रत्येकापेक्षा ती अधिक होती. त्याने ८९ पैकी ११ जागा जिंकल्या. बरांबा त्यांत होता : बॉर्बिज मंत्रिमंडळात कृषिखाते सांभाळलेल्या पेरेट यांचा डॉरोथी प्रॅट यांनी पराभव केला. या मतांत वर्णद्वेषाचा अंश होता हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आदिवासींना व आशियाई स्थलांतरितांना विरोध हे या पक्षाचे उघड धोरण होते, आणि शेरबर्ग तर मर्गनपासून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु केवळ तेवढ्याने बरांब्याचा निकाल उलगडत नाही. ज्यांच्या आजोबांनी विक्री मंडळ उभे केले त्यांना आता आपल्याच पक्षाचे नेते मंडळे मोडण्याचे अर्थशास्त्र समजावून सांगत होते. "आपले" काढून घेणारा तो "त्यांचा", हा जुना हिशेब येथे पुन्हा मांडला गेला.

वन नेशनचा विधिमंडळ पक्ष वर्षभरही एकसंध राहिला नाही. १९९९ साली प्रॅट यांनी पक्ष सोडला व त्या अपक्ष झाल्या. त्यांच्या मतदारांनी याबद्दल त्यांना शिक्षा केली नाही. २००१ च्या फेररचनेत बरांबा मतदारसंघ रद्द होऊन एक्कावन्न वर्षांनी नानँगो हे जुने नाव परत आले, आणि तेथून प्रॅट २००१, २००४, २००६ व २००९ या चारही निवडणुकांत अपक्ष म्हणून जिंकल्या. २००६ साली नॅशनल पक्षाने त्यांच्याविरुद्ध जॉन ब्येल्के-पीटरसन यांना उभे केले. २००९ साली नॅशनल व लिबरल यांच्या विलीनीकरणातून झालेल्या नव्या पक्षाने पुन्हा त्यांनाच. वडिलांचे एप्रिल २००५ मध्ये किंगारॉय येथे निधन झाले होते, त्यांचा शासकीय अंत्यविधीही तेथेच झाला होता. स्मृती ताजी होती, नाव तेच होते, पक्षही बहुतांशी तोच. दोन्ही वेळा पुत्र पराभूत झाले. घराण्याची पुण्याई ही ज्यांना सुरक्षित जागेची किल्ली वाटते, त्यांनी या दोन निकालांचे समाधानकारक स्पष्टीकरण दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

२०१२ साली प्रॅट उभ्या राहिल्या नाहीत. विलीन झालेल्या लिबरल नॅशनल पक्षास त्या वर्षी ८९ पैकी ७८ जागा मिळाल्या, आणि नानँगोतून त्याच्या डेब फ्रेकलिंग्टन निवडून आल्या. पराभूतांत कॅटर यांच्या पक्षाचे उमेदवार, वाँडाय येथे जन्मलेले कसोटीपटू कार्ल रॅकेमन, हेही होते. या खोऱ्यातील हे दुसरे नामांकित वेगवान गोलंदाज, आणि उमेदवारीपर्यंत पोहोचलेले पहिले. २०१६ साली जागा ९३ झाल्या व पसंतिक्रम पुन्हा सक्तीचा झाला. फ्रेकलिंग्टन यांनी नानँगो तेव्हापासून राखला. डिसेंबर २०१७ पासून २०२० च्या पराभवापर्यंत त्या पक्षाच्या नेत्या होत्या, आणि २०२४ साली पक्ष सत्तेवर आल्यावर राज्याच्या महान्यायवादी झाल्या. पुन्हा एकदा या जागेपुढे "सुरक्षित" हा शब्द लिहिला जाऊ लागला आहे. १९८६ च्या निवडणुकीनंतर तोच शब्द तेथे होता. त्यानंतरची पोटनिवडणूक अठरा महिन्यांच्या आत झाली.